बेंदराचा बिल्ला

"बाजारातला बिल्ला आहे तो, वहिनी," पंचायतीतले ज्ञानूअण्णा हसले. "तुमचे सासरे कसले लढाईवर? मुंबईला गोदीत ओझी उचलत होते."

शाळेच्या अंगणात पाथरवट काळ्या दगडावर महायुद्धात लढलेल्या गावकऱ्यांची नावं कोरत होता. पुराव्याशिवाय नाव नाही, असं पंचायतीनं ठरवलेलं. सोनाबाईंकडे पुरावा एकच होता: दर बेंदराला बैलाच्या घुंगुरमाळेत ओवला जाणारा, रंगानं माखून काळा पडलेला तो बिल्ला.

त्यांची नात मैथिली चिंच लावून तो घासत होती. एका बाजूला राजाचा चेहरा उमटला, दुसऱ्या बाजूला सिंह. नाव कुठंच नाही.

"झालं समाधान?" अण्णा म्हणाले.

"कड राहिली की," मी म्हणालो. शाळेचा जुना मास्तर मी, मला घाई नसते. "पोरी, नाण्याची कडसुद्धा बघायची असते."

तिनं कड घासली. बारीक इंग्रजी अक्षरं वर आली. बिल्ला फिरवत ती सावकाश वाचू लागली. आधी एक नंबर, मग 'सिपाही', मग 'दगडू शेलार'.

अण्णांनी चष्मा पुसून स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. मग पाथरवटाला म्हणाले, "हे नाव घे."

"तो घेईल," सोनाबाई म्हणाल्या. "नारळ मात्र तुम्ही फोडायचा, अण्णा. आणि नाव मोठ्यानं घ्यायचं. इतकी वर्षं ओझ्याचं मोठ्यानंच सांगत होतात."

अण्णांनी चपला काढल्या आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं नाव घेतलं.