खिडकीवरची पेन्सिल

"तोंड वर करा, बाई! खाली बघून बोललात तर मला काय डोंबल कळणार?"

पार्सलच्या खिडकीवरचा कारकून हे दिवसातून वीसदा तरी म्हणायचा. बाराव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. तेव्हापासून समोरच्याचे ओठ वाचून त्याचं चाललं होतं, आणि चांगलं चाललं होतं. स्वतःचा आवाज मात्र त्याला ऐकू येत नसे, त्यामुळे तो जरा चढाच लागे. पोस्टात सगळे त्याला भोंगा म्हणत. त्याला पत्ता नाही अशी त्यांची समजूत. पण हा पठ्ठ्या खिडकीच्या काचेत दिसणारे ओठसुद्धा वाचायचा.

आज भोंगा खुशीत होता. चेहरा झाकून सरकारी कचेरीत यायचं नाही, धर्माचं कारण असलं तरी नाही, हा कायदा आजपासून लागू झाला होता. दारावर सूचना लागली होती आणि दाराशी एक पहारेकरी उभा केला होता. सूचनेखाली कारणंही छापली होती. त्यातलं तिसरं : 'ऐकू न येणाऱ्या कर्मचाऱ्यांची गैरसोय.' अख्ख्या कचेरीत तसा कर्मचारी एकच. दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी त्याच्यापुढे एक फॉर्म सरकवला होता. 'झाकलेल्या चेहऱ्यांमुळे कामात अडचण येते का?' भोंग्याने 'होय'वर खूण केली होती. खोटं कशाला बोलायचं? अडचण यायचीच.

सकाळी साहेबांनी खिडकीवरची चिठ्ठ्यांची वही उचलून खणात टाकली. "आता हिचं काय काम? आता सगळं तोंडी!" सुतळीला बांधलेली पेन्सिल तेवढी लोंबकळत राहिली.

भोंग्याच्या खुशीला आणखी एक कारण होतं. बुरख्यातली एक बाई गेली सहा वर्षं दर महिन्याला त्याच्या खिडकीवर यायची. ती कधी बोलली नाही. बोलून उपयोग नाही हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती वही ओढायची, चिठ्ठी लिहायची, सरकवायची. 'आईची औषधं आली का, दादा? घाई नाही.' दर वेळी हेच. दिवसभर ओठांच्या मागे धावून भोंग्याचे डोळे शिणायचे. त्याला 'घाई नाही' म्हणणारं माणूस सगळ्या गावात हे एकच. काल जेवताना तो बायकोला म्हणालासुद्धा होता, "आता ती बोलते कशी ते तरी कळेल!"

ही समोरची बाई मात्र काही केल्या कळत नव्हती. पन्नाशीची असेल. ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलेलं, नजर फळीवर. ओठ नुसते हलवल्यासारखं करत होती.

"अहो, जरा नीट उघडा की तोंड! एवढं लाजायला काय झालं?"

रांगेतली सगळी डोकी वळली. दाराशी उभा असलेला पहारेकरीही बघू लागला. मागचा एक जण हसला. भोंग्याला त्याचे दात दिसले. बाईची हनुवटी थरथरायला लागली. थरथरते ओठ भोंग्याला वाचता येत नसत.

बाईचा हात फळीवर डावीकडे गेला, वही असायची तिथे. तिथे काही नव्हतं. तिने पिशवीतून एक जुना लिफाफा काढला, सुतळीची पेन्सिल ओढली, लिहिलं आणि लिफाफा आत सरकवला.

'आईची औषधं आली का, दादा? घाई नाही.'

म्हणजे ही तीच. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचा चेहरा बघता येणार होता, आणि आता मान वर करायची त्याची छाती होईना. तो तसाच, खाली बघत उठला. पार्सल कुठे ठेवलंय ते त्याला पाठ होतं. ते आणून त्याने सहीचं रजिस्टर पुढे केलं.

"माफ करा, ताई," तो म्हणाला. आपल्या परीने अगदी हळू म्हणाला. रांगेतली डोकी पुन्हा वळली.

तिने सही केली. मग लिफाफा उलटा करून पुन्हा लिहिलं. 'पुढच्या महिन्यापासून शेजारीण येईल. त्यासाठी कुठला फॉर्म भरायचा?'

राहू द्या फॉर्म, या तुम्हीच, असं सांगावंसं त्याला फार वाटलं. पण कुठल्या तोंडाने सांगणार? त्याने फॉर्म काढला. सह्या जिथे करायच्या तिथे दोन फुल्या मारून दिल्या. तिने सावकाश भरला. त्याने शिक्का मारला. तिचे हात फळीवरून निघून जाईपर्यंत तो त्या हातांकडेच बघत राहिला.

त्याने मान वर केली तेव्हा ती दाराबाहेर पडत होती. पाठमोरी.

तेवढ्यात साहेब आले. त्याच्या खांद्यावर थाप मारून, त्याला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत बोलले, "काय रे, आता तर प्रत्येकाचं बोलणं कळत असेल?"

साहेबांचे ओठ जाडजूड आणि मिशी सफाचट. शब्द न् शब्द कळला.

भोंग्याने खणातून वही काढली, साहेबांपुढे ठेवली आणि सुतळीची पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

"कळलं नाही, साहेब. लिहून द्या. घाई नाही."