लाल काटा

गॅरेजवाल्या मिस्त्रीने हाडांची काडं करून सहा वर्षांत शर्यतीची गाडी बांधली आणि चालवायला दिली घरच्याच माणसाला, बायकोच्या धाकट्या भावाला. तीन शर्यती झाल्या, तिन्हींत गाडी शेवटून पहिली आली. "भाऊजी, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकवला होता," मेहुणा दर वेळी हेल्मेट काढत म्हणायचा, "गाडीतच दम नाही, त्याला मी काय करू?" त्याच्या शब्दाखातर मिस्त्रीने इंजिन तीनदा उघडलं, पण दोष काही सापडेना. पुढे मेहुण्याला नेहमी जिंकणाऱ्या संघाने बोलावलं, तेव्हा "सुटलास बाबा माझ्या डबड्यातून" म्हणत मिस्त्रीनेच त्याला नवे हातमोजे घेऊन दिले.

आज गाडी भंगारात द्यायची म्हणून मिस्त्री डॅशबोर्ड सोडवत होता. इंजिनाची गती दाखवणाऱ्या मीटरमध्ये एक लाल काटा होता. इंजिन जास्तीत जास्त जितकं पळालं त्या आकड्यावर तो अडकून राहायचा आणि बटण दाबलं की शून्यावर यायचा. गाडी थांबली की मेहुणा न चुकता ते बटण दाबायचा. किती शिस्तीचा पोरगा, म्हणून मिस्त्रीला कौतुकच होतं. शेवटच्या शर्यतीनंतर मात्र तो घाईने उतरला होता, कारण त्या जिंकणाऱ्या संघाचा मालक कठड्यापाशी त्याची वाट बघत उभा होता.

मिस्त्रीने बाहीने काच पुसली.

 

आठ हजारांपर्यंत पळणाऱ्या त्या इंजिनाचा लाल काटा साडेचार हजारांवर थांबला होता.