पहिल्या अल्बमची नवी आवृत्ती

रॉक बँड फुटल्यापासून गायक आणि गिटारवाला एकमेकांचं तोंडही बघत नव्हते. पण गायक इस्पितळात पडला, डॉक्टरांनी हात टेकले, आणि दुसऱ्याच दिवशी गिटारवाला त्याच्या खाटेशी येऊन ढसाढसा रडला.

"झालं गेलं विसर, गड्या," तो म्हणाला. "आपला पहिला अल्बम नव्याने काढतोय. वहिनी, याचा तरुणपणीचा एखादा छान फोटो द्या. या वेळी कव्हरवर हा एकटाच."

कव्हरवर मधे कोणी उभं राहायचं यावरून ज्याने जन्मभर भांडणं उकरून काढली, तो आज आपणहून बाजूला झाला होता. गायकाचा ऊर भरून आला. मित्र रोज यायचा, हाताने सूप भरवायचा, जुन्या चाली गुणगुणायचा. त्या मायेनेच की काय, गायकाने उभारी धरली. भिंतीला धरून चालायला लागला, आणि एका सकाळी डॉक्टर हसत म्हणाले, "काका, आम्हाला खोटं पाडलंत तुम्ही. उद्या घरी जा."

त्याने सगळ्यात आधी मित्राला फोन लावला. "अरे, वाचलो मी! अल्बम येईल त्या दिवशी स्टेजवर मी स्वतः गाणार!"





"असं रे काय करतोस?" गिटारवाला म्हणाला. "सगळ्या कव्हरांवर तुला श्रद्धांजली छापून मोकळे झालो ना आम्ही!"