सरांच्या मांड्या

मैदानाच्या दुसऱ्या फेरीला रणदिवे सर पाय फाकवून चालू लागले, तेव्हा कालिंदीला फार बरं वाटलं.

नव्या कायद्याने व्यायाम शिकवणाऱ्याला मनगटावर संवेदन-पट्टी बांधावी लागे. शिकणाऱ्याच्या अंगाला जे होईल, ते शिकवणाऱ्याच्याही अंगाला जाणवे. पट्टी सोडली की परवाना रद्द. सर काडीसारखे होते आणि कालिंदी शंभर किलोंच्या पुढची, पण पट्टीला त्याचं काय!

"मांड्यांची आग होतेय गं," सर कळवळले.

"घासतात, सर. पावडर लावावी लागते."

"मग लावली नाहीस?"

"विसरले," कालिंदी म्हणाली. डबा तिच्या पिशवीतच होता. एरवी ती कधीच विसरत नसे.

शाळेत हेच सर पीटीच्या तासाला तिला एकटीला पळवायचे आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावायचे. "बघा रे, गोदाम निघालं!" शहरात शिकवणारे पुष्कळ होते. तिने मुद्दाम सरांना शोधून काढलं होतं.

"गुडघे गेले, टाचा गेल्या," सर धापा टाकत म्हणाले. "तू चालतेस तरी कशी?"

"सवयीने. पाचवीपासून."

"जरा बसूया का? तुझ्यासाठी म्हणतोय."

"माझ्यासाठी? छे! वजन अंगात नसतं, सर, मनात असतं. तुम्हीच शिकवलंत."

कालिंदीने नव्या बुटांच्या नाड्या आवळल्या, दोन टाळ्या वाजवल्या आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच आपण होऊन पळत सुटली.