खुणेच्या वर

सकाळी साडेसहाला तात्यांनी नाशिकरोडच्या घरासमोर जुनी अँबेसेडर सुरू केली आणि सायलेन्सरमधून पुन्हा निळा धूर आला. इंजिन बंद करून त्यांनी ऑइल मोजायची पट्टी पुसली, परत घालून पाहिली. ऑइल आजही खुणेच्या बोटभर वर होतं. जास्तीचं ऑइल इंजिन जाळत होतं.

मुलगा धम्मपाल चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "तात्या, रात्री परत ऑइल ओतलंत ना?"

"नाही."

"ओतता आणि विसरता. उद्या गॅस चालू ठेवून विसराल. चावी द्या इकडे."

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढलेले तात्या हसले. स्वतःचीच खात्री करायला त्यांनी काल दुपारी ऑइलचा डबा शेजारच्या सहादूकडे ठेवायला दिला होता.

"डबा सहादूकडे आहे. मग रात्री मी काय ओतलं रे?"

धम्मपालने कुंपणावरून हाक मारली. "सहादूकाका, तात्यांनी तुमच्याकडे ऑइलचा डबा दिलाय का?"

सहादू दात घासत बाहेर आला. तात्यांकडे न बघता, गाडीकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे कुठला डबा? तात्या, तब्येत सांभाळा हो."

तात्यांनी ऑइलची पट्टी परत जागेवर बसवली. मग त्यांनी खिशातली चावी धम्मपालच्या हातावर ठेवली.

धम्मपालने अँबेसेडर विकली; रविवारपासून ती सहादूच्या दारात उभी असते. आज सकाळी त्याने ती सुरू केली, तेव्हा तात्या खिडकीत होते. धूर आला नाही.