स्टीलचा पेला

व्हाइटफील्डच्या चौकात गाड्या तुंबल्या की ज्योतिबाअण्णा त्यांच्यामधून कॉफी विकत फिरतात. ऑफिसच्या कॅबमध्ये बसलेल्या अश्लेषाला खिडकीतून पेला देता देता ते सुरू झाले, "सरकारच्या भरवशावर धंदा करायचा नाही बघा, अक्का. कर्ज देतो म्हणतात, देत नाहीत. जागा देतो म्हणतात, आहे तिथूनही हाकलतात. काडीचा विश्वास नाही माझा."

अश्लेषानं हातातल्या पेल्याकडे पाहिलं. चांगला जाडजूड स्टीलचा होता.

"अण्णा, कागदी कप का नाही ठेवत? पेला घेऊन गाडी निघून गेली तर?"

"कुठं जाते?" पुढच्या गाडीकडे वळत अण्णा म्हणाले. "स्वल्प निवांत प्या, अक्का. रस्ता सरकारनं बांधलाय."