जसंच्या तसं

"ती रुसलीये," नवरा म्हणाला.

"असं त्या म्हणाल्या नाहीत," पोरगी म्हणाली. "पुन्हा सांगा."

पोरगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजच्या मध्यस्थी केंद्रात अनुभव घ्यायला आली होती, म्हणजे आजवर पाण्याचे ग्लास भरायला आणि खुर्च्या सरळ करायला. आज सरांनी पहिल्यांदा तिला मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. "सोपं प्रकरण आहे," ते म्हणाले होते. "बारा वर्षांचा संसार. मारहाण नाही, दारू नाही, लफडं नाही. तासाभरात बाईला घरी पाठव."

केंद्राचा एक नियम होता, आणि तो सरांनीच शिकवलेला. आपलं बोलण्याआधी समोरच्याचं म्हणणं जसंच्या तसं बोलून दाखवायचं. समोरचा 'बरोबर' म्हणाला, तरच पुढे जायचं. वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वर्गात डोलवायला काय जातं?

बायकोचं म्हणणं एका ओळीचं होतं. मांडीवरची पर्स घट्ट धरून, आवाज न चढवता ती म्हणाली होती, "मी परत येणार नाही."

नवऱ्याने घसा खाकरला. माणूस दुकानदार, भल्याभल्या गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळणारा. "तिचं म्हणणं, माझ्या आईशी पटत नाही. ठीक आहे, वेगळं बिऱ्हाड करू."

बायकोने नुसती मान हलवली. नाही.

"पुन्हा," पोरगी म्हणाली.

"थोडे दिवस माहेरी राहते म्हणते. राहू दे की! मी काय राक्षस आहे?"

"राक्षस कुणीच म्हणालं नाही. त्या काय म्हणाल्या, तेवढंच सांगा."

सर मागच्या खुर्चीतून पुढे सरकले. या खोलीतून एकही जोडपं मोडून बाहेर पडलेलं नाही, हे ते भेटेल त्याला ऐकवायचे. "अगं, भावार्थ पोचला ना? घे समेटाचा मसुदा पुढे."

"भावार्थ पोचलाय, तर चार शब्द तोंडातून का निघत नाहीत, सर?"

"तुझा शेरा मला लिहायचाय, विसरू नकोस. वर्ष जाईल."

वर्ष गेलं, की पोरीच्या घरचे पुढची फी भरणार नव्हते. तसं बजावूनच ठेवलं होतं. तिने समोरचा मसुदा उचलला आणि सरांच्या हातात नेऊन दिला.

"जाऊ दे वर्ष. यांची बारा गेली, तेव्हा कुणी शेरा मारला?" ती परत खुर्चीवर बसली. "हं, दादा. पुन्हा."

नवऱ्याने सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे. मग नाइलाजाने त्याने बायकोकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आवाज दुकानातला नव्हता.

"ती म्हणते... ती परत येणार नाही."

"बरोबर," बायको म्हणाली. पर्सवरची तिची बोटं सैल झाली.

नवराच हळू आवाजात म्हणाला, "मग काय करायचं ते नीट करू. भांडण नको."

सर ताडकन उठले. "झालं तुझं समाधान? लिही आता स्वतःच्या हाताने, समेट झाला नाही म्हणून!"

"झाला की, सर," पोरगी म्हणाली. "बारा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकच वाक्य बोललेत."